रोलँड टीआर-६एस: खंजिरीच्या जोडीला तालयंत्र

विदर्भातील भजनी मंडळे, ऑर्केस्ट्रा आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे वादक यांना रोलँड हे नाव ऑक्टोपॅडमुळे चांगलेच परिचित आहे. याच जपानी कंपनीने १९८० साली आणलेल्या टीआर-८०८ या तालयंत्राचा खोल बास ड्रम आज प्रत्येक वरातीच्या डीजेवर ऐकू येतो, पण ते यंत्र प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आमच्या भागात सापडणे कठीण आहे. त्याचे उत्पादन १९८३ मध्येच थांबले, जेमतेम बारा हजार नग तयार झाले आणि उरलेले नग आता आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. तो आवाज पुन्हा उपलब्ध करून देणाऱ्या यंत्रांपैकी टीआर-६एस हे २०२० मध्ये आलेले लहान यंत्र मी गेले वर्षभर आर्वी तालुक्यातील आमच्या गावी वापरत आहे. आमच्या मंडळाच्या खंजिरी भजनांना इलेक्ट्रॉनिक तालाची जोड देऊन ती ध्वनिमुद्रित करणे हे माझे काम आहे, आणि त्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे.

एक शंका मला अनेकांनी विचारली, तिचे उत्तर आधी देतो. ८०८ चे आवाज मोबाईलवर फुकट मिळत असताना यंत्रासाठी दोन हंगामांची बचत का घालायची? फुकट मिळतो तो एका ठोक्याचा ठसा असतो. तो वरच्या स्वरात न्यायचा म्हटले की आखूड होतो आणि खालच्या स्वरात नेला की लांबतो. मूळ ८०८ मध्ये बास ड्रमची मुद्रित ध्वनिफीत नव्हतीच. घंटेवर टोला पडावा तसा तेथे एका लहानशा सर्किटला विजेचा झटका बसत असे आणि ते सर्किट काही काळ घुमून शांत होत असे. टीआर-६एस त्या सर्किटच्या वागण्याचे गणित दर ठोक्याला नव्याने मांडते. यालाच अॅनालॉग मॉडेलिंग म्हणतात आणि रोलँडने आपल्या पद्धतीला एसीबी असे नाव दिले आहे. पहिला ठोका घुमत असतानाच दुसरा पडला, तर तो त्या घुमण्यात मिसळतो, त्यामुळे सलग चार ठोके टाकले तरी ते एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटत नाहीत. ढोलकीची धुम ऐकत वाढलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो.

आमच्या कामात या गोष्टीचा सर्वांत मोठा लाभ बास ड्रम सुरात मिळवण्यासाठी झाला. आमचे मंडळ काळी एकमध्ये गाते. त्या पट्टीचा अगदी खालचा षड्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो, तर ८०८ चा बास ड्रम मुळात पन्नास हर्ट्झच्या आसपास घुमतो. हा ड्रम जसाच्या तसा पेटीखाली ठेवला, तर दोन बोलांमधील जागेत काहीतरी बेसूर गडगडत असल्याचा भास होतो आणि गाणारे नकळत अस्वस्थ होतात. मूळ यंत्रावर बास ड्रमचा सूर बदलण्याचे बटणच नव्हते, केवळ टोन आणि डिके (ठोका किती वेळ घुमेल ते ठरवणारे बटण) होते. येथे सूर बदलणारे ट्यून आहे. पेटीवर सा धरून मी ते बटण केसभर केसभर वर नेले, डिके वाढवला, आणि ज्या क्षणी दोन्ही आवाजांमधील थरथर थांबली त्या क्षणी खोलीत एकच सा उरला. सूर वर चढला तरी ठोक्याची लांबी कमी झाली नाही. मंडळातील ज्येष्ठ खंजिरीवादक काका शेजारी बसले होते. ते म्हणाले, "हे तं पेटीतूनच आल्यावानी वाटते बाप्पा." माझ्या दृष्टीने यंत्राची किंमत त्या संध्याकाळी वसूल झाली.

वरच्या पट्टीतील आवाजांबाबत मात्र जपून राहावे लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आमच्याकडे घरोघरी पोचलेल्या खंजिरीच्या चकत्या ती जागा आधीच व्यापून असतात. ८०८ ची हाय-हॅट (ड्रमसेटमधील झांजांच्या जोडीचा आवाज) सहा चौकोनी लहरींच्या मिश्रणातून घडते आणि तिचा धातूसारखा आवाज चकत्यांवर येऊन पडतो. या यंत्रात रोलँडच्याच टीआर-९०९ या तालयंत्राचेही आवाज आहेत; ९०९ ची हाय-हॅट आणि झांजा तर १९८३ च्या मूळ यंत्रातही मुद्रित आवाजांवर आधारित होत्या, त्या अधिकच पुढे येतात. मी दोन्ही काढून टाकल्या आणि त्या जागी रिमशॉट (ड्रमच्या कडेवरील टिचकीसारखा ठोका) अगदी हळू आवाजात ठेवला. यंत्रात एसडी कार्डमधून स्वतःचे आवाज घालता येतात, म्हणून मंदिराच्या ओट्यावर मुद्रित केलेले खंजिरीचे तीन बोल मी एका ट्रॅकवर, म्हणजे एका वाद्याच्या जागी, बसवले आहेत. यंत्र स्वतः ध्वनिमुद्रण करत नाही, ते बाहेरच करून आणावे लागते.

ठेका बसवणे सोपे आहे. सोळा बटणे म्हणजे सोळा स्टेप, म्हणजे ठोक्यांच्या सोळा जागा, त्यामुळे आठ मात्रांचा भजनी ठेका प्रत्येक मात्रेला दोन स्टेप देऊन नेमका बसतो. दादऱ्यासाठी पॅटर्न बाराव्या स्टेपवर संपवला की सहा मात्रा पूर्ण होतात. एका पॅटर्नमध्ये आठ प्रकार ठेवता येतात, त्यांपैकी पहिला मी ध्रुपदासाठी आणि दुसरा अंतऱ्यासाठी राखला आहे. अडचण येते ती लयीची. शफल ही सोय सम क्रमांकाच्या स्टेप एकसारख्या मागे सारते, पण खंजिरीवाला समेच्या आधी किंचित रेंगाळतो आणि मग झेप घेतो, ते शफलने साधत नाही. भजन रंगात आले की मंडळ आपोआप चढत्या लयीत जाते आणि यंत्र मागे राहते. त्या वेळी एका हाताने यंत्राची लय गाणाऱ्यांच्या श्वासाबरोबर बदलत राहणे हाच उपाय मला सापडला आहे, आणि त्याचा सराव होण्यास महिना लागला.

ग्रामीण भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हे यंत्र चार पेन्सिल सेलवर चालते, तसेच यूएसबीमधून वीज घेऊनही चालते. आमच्याकडे संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मागच्या उन्हाळ्यात एका मुद्रणाच्या मध्येच ती गेली आणि संगणकावरील अर्धे काम बुडाले, पण यंत्रातील ठेका सुरूच राहिला आणि मंडळाने भजन पूर्ण केले. चार्ज होणाऱ्या सेलवर आमचा दोन तासांचा सराव निर्विघ्न पार पडतो. आत स्पीकर नाही, हेडफोन किंवा साऊंड जोडावाच लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात उडणारी धूळ फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्यांच्या) फटींत बसते, म्हणून मी ते सुती कापडात गुंडाळून ठेवतो.

आता उणिवा. ट्रॅक सहाच आहेत. ट्यून, डिके आणि कंट्रोल ही तीन बटणे प्रत्येक वाद्याला स्वतंत्र नसून सर्वांना मिळून एकदाच दिलेली आहेत, म्हणून आधी वाद्य निवडावे आणि मग बटण फिरवावे लागते. घाईच्या वेळी चुकीचे वाद्य निवडलेले राहते आणि बास ड्रमऐवजी स्नेअर ड्रमचा सूर बदलतो. पडदा चिमुकला आहे आणि आवाज निवडण्यासाठी त्यात बरेच खोल उतरावे लागते. संगणकाला जोडल्यावर मात्र यूएसबीतून प्रत्येक ट्रॅक वेगळा मुद्रित करता येतो, त्यासाठी निराळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागत नाही, आणि मर्यादित पैशांत घरी काम करणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

जे घरी किंवा मंदिराच्या ओट्यावर बसून संगीत रचतात, त्यांनी हे यंत्र निःशंक घ्यावे. वडसा परिसरातील झाडीपट्टीच्या नाटकांना किंवा मोठ्या मंचावर साथ करणाऱ्यांना बास ड्रम आणि खंजिरी मिक्सरवर वेगवेगळ्या वायरींनी द्यायची असते, आणि ती सोय येथे नाही. त्यांच्यासाठी अकरा ट्रॅक आणि स्वतंत्र आउटपुट असलेले टीआर-८एस योग्य ठरेल. मात्र ते सेलवर चालत नाही, म्हणून त्याच्यासोबत इन्व्हर्टरचाही खर्च धरून चालावे.