दोन दातांमधल्या फटीसाठी टेपेचा ब्रश: आधी माप, मग बाकी सगळं

दाढेच्या पाच बाजूंपैकी दोन शेजारच्या दाढांकडे असतात. साधा ब्रश कितीही चांगला असला तरी त्याचे केस तिथे नीट पोचत नाहीत, आणि हिरड्यांचं दुखणं बहुतेकदा तिथेच मूळ धरतं. स्वीडनच्या टेपे कंपनीचा हा ब्रश बाटली धुण्याच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती वाटतो. तो याच जागेसाठी बनवलेला आहे.

मूळ मालिकेत नऊ मापं आहेत आणि रंगावरून माप कळतं. तारेची जाडी गुलाबीत ०.४ मिमी, नारिंगीत ०.४५, लालमध्ये ०.५, निळ्यात ०.६, पिवळ्यात ०.७, हिरव्यात ०.८, जांभळ्यात १.१, करड्यात १.३ आणि काळ्यात १.५. तारेवर प्लास्टिकचं आवरण असल्यामुळे उघड्या पडलेल्या मुळाला किंवा इम्प्लांटला (हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला) धातू थेट घासत नाही. ही खरोखर मोलाची गोष्ट आहे.

ब्रश हलक्या हाताने आत जावा, केस दोन्ही दातांना टेकावेत, पण तार अडू नये, हे बरोबर माप. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागणं अगदी नेहमीचं आहे, कारण पुढच्या फटी अरुंद आणि दाढांमधल्या रुंद असतात. जाड ब्रश रेटला तर तार मानेशी वाकून तुटते आणि दातांमधली हिरडी सोलवटते. बारीक घेतला तर तो सहज फिरतो, पण दातावरचा जंतूंचा चिकट थर तसाच राहतो. पहिल्यांदा दंतवैद्याकडून फटी मोजून घ्याव्यात.

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, आरशासमोर वापरावा. ब्रश सरळ घालून चार-पाच वेळा आत-बाहेर करायचा. फटीत घालून पिळायचा नाही, तार त्यानेच लवकर जाते. मागच्या दाढांसाठी तोंड अर्धवट मिटावं, म्हणजे गाल सैल पडतो आणि हाताला जागा मिळते. टूथपेस्ट लावू नये, तिच्यातले खरखरीत कण मुळं झिजवू शकतात. वापरून झाल्यावर धुऊन उघड्यावर वाळवावा. केस विस्कटले किंवा तार वाकली की ब्रश टाकून द्यावा.

पहिले काही दिवस रक्त येतं आणि बरेच जण घाबरून तिथेच थांबतात. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण रक्त सहसा आधीपासूनच्या सुजेमुळे येतं. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ जणांनी दात घासणं थांबवलं, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या; सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबलं नाही, तर हिरडीखाली किटण, म्हणजे कडक झालेला थर, असण्याची शक्यता असते. ते कुठल्याच ब्रशने निघत नाही, दवाखान्यात जाऊनच काढावं लागतं.

मधुमेह असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. साखर जास्त राहिली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आवरणं अवघड करते. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा, टक्क्यांत मोजला जाणारा रक्ततपासणीचा आकडा) सरासरी सुमारे ०.४ अंकाने उतरतो, असं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, दिसलं. पण हे श्रेय दवाखान्यातल्या खोल सफाईचं आहे, ब्रशचं नव्हे. ब्रश त्यानंतर थर पुन्हा साचू देत नाही. हृदयविकाराशी हिरड्यांच्या आजाराचा संबंध आढळतो, पण हिरड्या सुधारल्याने झटका टळतो हे सिद्ध झालेलं नाही. तसा दावा दिसला तर विश्वास ठेवू नये.

दात घट्ट चिकटलेले आणि हिरड्या निरोगी असतील, तर गुलाबीसुद्धा आत जाणार नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक धागा, बरा. बोटांत संधिवात असेल तर मूळ ब्रशचा आखूड दांडा हातातून सटकतो. अशांनी त्याच कंपनीचा लांब दांड्याचा, मान वळवलेला अँगल प्रकार घ्यावा. मागच्या दाढांपर्यंतही तो जास्त सहज पोचतो.