पहिला स्वतःचा लाईट बोर्ड: १९२ चॅनेलचा डेस्क की लॅपटॉप?

हौशी नाट्यसंस्थेकडे स्वतःचे आठ-दहा एलईडी पार (रंगमंचावरचे रंग बदलणारे दिवे) जमले की ते चालवायचे कशावर, हा प्रश्न येतोच. नाशिकच्या हौशी मंडळींचं घोडं बहुतेक वेळा दोन पर्यायांवर अडतं. एक, मंडपवाल्यांकडे हमखास दिसणारा १९२ चॅनेलचा काळा फेडरवाला, म्हणजे सरकत्या दांड्यांचा, डेस्क; दिव्याचा लाल, निळा, तेज अशी एकेक गोष्ट चालवतो तो एकेक चॅनेल. दुसरा, लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस हा लाईटचा प्रोग्रॅम आणि लॅपटॉप दिव्यांना जोडणारं यूएसबी डोंगल. पर्लसारखा मोठा बोर्ड भाड्याने मिळतो, सोबत ऑपरेटरही येतो, पण तो रोजच्या तालमीला परवडत नाही. म्हणून तो इथे धरत नाही.

मी दोन्ही वापरलेत, अजूनही वापरतो. तरी नाटकासाठी विचाराल तर माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. केबल आणि टर्मिनेटर यांत फरक काही नाही. डेस्क घ्या की लॅपटॉप, शेवटच्या पारला २ आणि ३ नंबरच्या पिनमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजेच टर्मिनेटर, लागतोच, आणि माईकची केबल डीएमएक्सला (बोर्डाकडून दिव्यांना हुकूम नेणाऱ्या सिग्नलला) लावली की आज ना उद्या ती दगा देतेच.

आधी डेस्कचं कौतुक. बटण दाबलं की तो चालू, बूट व्हायची वाट पाहणं नाही. अंधारात बोटांना फेडर आपोआप सापडतात. दांडियाच्या मैदानावर, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानासारख्या ठिकाणी धूळ उडत असते, जनरेटर मधूनच कुरकुरतो, तिथे लॅपटॉप उघडायला माझा तरी हात धजत नाही. चेस (दिवे एकामागून एक बदलत राहणं) लावला, स्पीडचा फेडर तालावर वरखाली केला, फार तर साऊंड मोड चालू केला की झालं. मंडळातला कॉलेजचा पोरगाही अर्ध्या तासात शिकतो. फक्त ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग आणि दांडियाच करणार असाल तर खरंच डेस्क घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

नाटकाची गोष्ट वेगळी आहे. हे डेस्क प्रत्येक फिक्स्चरला, म्हणजे दिव्याला, १६ चॅनेल धरूनच बनवलेले असतात. पहिलं बटण १ पासून, दुसरं १७ पासून, तिसरं ३३ पासून, अशी बारा बटणं. फेडर मात्र आठच, म्हणून प्रत्येक बटणाचे पहिले आठ चॅनेल पेज एवर आणि पुढचे आठ पेज बीवर. आपला पार असतो आठ चॅनेलचा, म्हणजे निम्मी जागा वाया. घरचे पार असतील तर १, १७, ३३ असे ॲड्रेस (पार ज्या चॅनेलपासून ऐकतो तो आकडा) देऊन भागतं. पण दुसऱ्यांच्या थिएटरात पार आधीच बारवर टांगलेले असतात आणि त्यांचे ॲड्रेस १, ९, १७ असे सलग दिलेले असतात. स्पर्धेच्या दिवशी सेट लागत असताना कोण शिडी लावून ते बदलू देणार? मग ९ वरचा पार पहिल्याच बटणाच्या पेज बीवर जाऊन बसतो. डावीकडचा पार पेज एवर, त्याच्या शेजारचा पेज बीवर, आणि आपण नाटकभर ते पेजचं बटण दाबत बसायचं. लॅपटॉपवर पार ज्या ॲड्रेसवर असेल तिथे पॅच करायचा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नोंदवायचा, आणि त्याला ‘आजीची खोली डावी’ असं नाव देऊन टाकायचं. प्रोग्रॅमच्या लायब्ररीत तो मॉडेल नसेल तर सोबत आलेल्या कागदावरचा चॅनेलचा तक्ता बघून फिक्स्चर एडिटरमध्ये स्वतः बनवता येतो, चहा निवण्याआधी होतो.

एवढं असूनही मी नाटकासाठी डेस्क सोडला नसता. सोडायला लावलं ते फेडरच्या खोटेपणाने.

म्हणजे काय ते सांगतो. डेस्कवर पहिल्या फिक्स्चरचा निळा अर्ध्यावर, म्हणजे ० ते २५५ पैकी १२८ च्या आसपास आहे. आता तुम्ही चौथ्या फिक्स्चरचं बटण दाबता. तिथला निळा सीनमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या उजेडात, फक्त २० वर आहे, पण हातातला फेडर अजून आधीच्याच जागी, अर्ध्यावर. डेस्कला वाटतं सगळं ठीक. तुम्ही फेडर केसभर हलवला की चौथ्या पारचा निळा २० वरून उडी मारून १२८ वर. संध्याकाळचा प्रसंग आहे, अंबर रंगाचा पिवळसर उजेड हळूहळू उतरतोय, आजी तुळशीपाशी दिवा लावतेय, आणि तिची पांढरी साडी एका झटक्यात निळी. प्रेक्षकांना वाटतं काहीतरी अलौकिक घडलं. दांडियात हीच उडी खपून जाते, कुणी बघतही नाही. नाटकात मात्र त्या उडीच्या धास्तीने मी फेडरला हातच लावेनासा झालो, आणि हात लावायचा नसेल तर फेडर हवेत कशाला?

लॅपटॉपवर स्क्रीनवरचा स्लायडर दाखवतो तीच खरी लेव्हल असते. माऊसने एका वेळी एकच स्लायडर ओढता येतो हे खरं, म्हणून मी छोटा मिडी कंट्रोलर, म्हणजे खऱ्या फेडरची पेटी, जोडतो. त्याचेही फेडर खोटं बोलूच शकतात, पण क्यूएलसी प्लसमध्ये स्लायडरच्या सेटिंगमध्ये एक खूण करायची सोय आहे: हातातला फेडर खऱ्या लेव्हलपर्यंत पोचेपर्यंत प्रोग्रॅम त्याचं ऐकतच नाही. त्या एका खुणेसाठी मी लॅपटॉप उचलून नेतो म्हटलं तरी चालेल.

दुसरं, प्रत्येक क्यूची (उजेडातल्या ठरलेल्या बदलाची) फेड, म्हणजे बदलायला लागणारा वेळ, वेगळी ठेवता येते. संध्याकाळ चाळीस सेकंदांत उतरते, पुढचा ब्लॅकआउट शून्यात. डेस्कवर फेडचा एकच फेडर, म्हणजे दर क्यूआधी तो आठवणीने सरकवा.

लॅपटॉपचे भोग कमी नाहीत. नाटकाच्या दिवशी वाय-फाय बंद, आवाज बंद, स्लीप बंद, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सस्पेंडही बंद. खरा सांभाळायचा भाग म्हणजे डोंगल. स्वस्तातल्या डोंगलमध्ये स्वतःचा प्रोसेसर नसतो, सिग्नलचं टायमिंग लॅपटॉपच सांभाळतो. लॅपटॉप जरा दुसरीकडे गुंतला की पार लुकलुकतात. सावकाश फेडमध्ये ते जास्तच जाणवतं. स्वतःचा प्रोसेसर आणि ऑप्टिकल आयसोलेशन (लॅपटॉप आणि दिव्यांची वीज वेगळी ठेवणारी सोय) असलेलं डोंगल घेतलं तर तो त्रास जवळपास जातो, पण मग खर्च छोट्या डेस्कच्या वर जातो. पैसे तिथेच घाला, लॅपटॉप जुना चालतो. पारच्या मेनूत सिग्नल गेला तर शेवटची लेव्हल धरून ठेवण्याचा पर्याय असेल तर तोही लावून ठेवा.

एका बाबतीत मात्र दोघेही सारखेच हतबल. साध्या पारला अंधाराकडे जाताना पायऱ्या दिसतात. आठ बिटांत सगळ्या मिळून २५६ पायऱ्या, आणि शेवटच्या दहा टक्क्यांत जेमतेम पंचवीस. हॅलोजनची तार सावकाश निवायची, त्यात हे झाकलं जायचं. एलईडी काहीच झाकत नाही. पारच्या मेनूत डिमर कर्व्ह किंवा डिमर स्पीड असेल तर तो बदलून बघा. बोर्ड बदलून हे सुटेल असं कुणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नाशिकच्या साईखेडकर किंवा कालिदास नाट्यगृहात प्रयोग लागणार असेल तर डोंगल घेण्याआधी एक करा. क्यूएलसी प्लस फुकट आहे. घरी उतरवून घ्या, पार पॅच करा आणि प्रोग्रॅममधल्या मॉनिटर खिडकीत, संहिता समोर ठेवून, सगळे क्यू एकदा चालवा. यासाठी एकही पार जोडावा लागत नाही. ते जमलं नाही किंवा कंटाळा आला तर डेस्कच बरा, त्यात कमीपणा काही नाही. जमलं तर डोंगल मागवा. आणि आधीचा डेस्क असेल तर तो विकू नका, नवरात्रात भाड्याने चांगला जातो.