व्हिएतनामचं डा नांग की मलेशियाचं पेनांग?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका जोडप्याला अचानक आठवड्याची सुट्टी मिळालीय. ठरलेलं काहीच नाही, समुद्र आणि भटकंती हवी. मुंबई विमानतळापर्यंतचा कसारा घाट दोन्हीकडे सारखाच, तो सोडा.

व्हिसा: व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलर, वर कामाचे तीन-चार दिवस धरा. मलेशियात भारतीयांना सध्या ३० दिवस व्हिसाच लागत नाही. निघण्याआधी ऑनलाइन डिजिटल आगमन कार्ड भरलं की झालं.

भटकंती: पेनांगचं जॉर्ज टाउन २००८ पासून जागतिक वारसा, आणि पायीच बघायचं शहर. जुन्या दुकानांपुढच्या ओसऱ्यांतून उन्हापावसात आरामात चालता येतं. मध्येच कुणाची मोटारसायकल आडवी असते, मग उतरा रस्त्यावर. डा नांगहून होई आन ३० किलोमीटर, म्हणजे गाडी आली.

समुद्र: इथे डा नांगच. तिथल्या ‘मी खे’ किनाऱ्यापुढे पेनांगचा बातू फेरिंगी किनारा फिका, शिवाय तिथे जेलीफिश. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र डा नांगला पाऊस झोडपतो.

जेवण: पेनांगच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर भात-सांबार मिळतो. व्हिएतनामी भाजीतही माशाचं सॉस असू शकतं, विचारूनच खा.

परवाच निघायचंय किंवा घरात कुणी कट्टर शाकाहारी असेल, तर पेनांग. निघायला अजून आठवडा हाताशी आहे आणि पोहायचंच आहे, तर डा नांग. पावसाळी महिने तेवढे टाळा.