सिंगापूरमधला तो फ्लॅट नव्हताच

परवा माझ्या मावसबहिणीने एका स्वयंपाकघराचा फोटो पाठवला. पांढरा ओटा, निळ्या टाइल्स, खिडकीत एक छोटी कुंडी. खाली लिहिलं होतं, "मे महिन्यात सिंगापूरला जातोय, हा फ्लॅट घेऊ का गं?" ते स्वयंपाकघर बघून माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी याच फोटोवर विसंबून आमचे ८३ हजार रुपये गेले. तेव्हा लाजेपोटी मी माहेरीसुद्धा काही बोलले नव्हते. त्या गप्प बसण्यामुळेच आज ती त्याच जाळ्याच्या तोंडाशी उभी होती, म्हणून आता सगळं लिहिते.

आम्ही डोंबिवलीचे. हे, मी, तेव्हा नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पहिलाच परदेश प्रवास, पाच रात्रींचा. पाच जणांना हॉटेलात एक खोली देत नाहीत, दोन घ्याव्या लागतात, आणि आमच्या तारखांना दोन खोल्यांचा खर्च लाखाच्या वर जात होता. मुलगा वरण-भाताशिवाय काही खायचा नाही. सासूबाईंना मधुमेह, त्यांच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट मिळाला तर बरं, असं मनात होतं. तशीच जाहिरात मोबाइलवर दिसली: लिटल इंडिया या भारतीय वस्तीजवळ, एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो पाच मिनिटांवर, भारतीय कुटुंबांसाठी. व्हॉट्सॲपवर चौकशी केली, तर उत्तर मराठीत आलं. "नमस्कार ताई, कुठले तुम्ही?"

तो साताऱ्याकडचा असल्याचं सांगत होता, बारा वर्षं सिंगापुरात. पहिल्या फोनमध्ये त्याने पैशांचा विषयच काढला नाही. मुलांची वयं विचारली, सासूबाईंना जिने चढता येतात का, हे विचारलं. घरात कुकर आहे, मिक्सर आहे, डाळ-तांदूळ टेक्का मार्केटमध्ये मिळतील, दही तर कुठेही मिळेल. हे सगळं खरं होतं, टेक्का मार्केट मी नकाशावर शोधलं आणि सापडलं. त्या खऱ्या गोष्टींच्या आधारावर मी न बघितलेला फ्लॅटही खरा मानला. मला कशाची काळजी वाटते हे मीच त्याला फोनवर सांगत होते आणि तो नेमकं त्याच काळजीवर बोट ठेवत होता. सकाळी सात वाजता विमान उतरलं तरी चावी मिळेल, लहान मुलं आहेत ना, असं तो म्हणाला तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं.

रात्रीला १२,४०० रुपये ठरले, पाच रात्रींचे ६२ हजार. ३० हजार आगाऊ, ते भारतातल्या भावाच्या यूपीआयवर, म्हणजे परकीय चलनाची भानगड नको. नंतर उरलेले ३२ हजार. मग १५ हजार अनामत, परत मिळणारी. शेवटी पाच जणांच्या अरायव्हल कार्डाचे, म्हणजे सिंगापुरात प्रवेशासाठी भरायच्या फॉर्मचे, माणशी १,२०० प्रमाणे सहा हजार. प्रत्येक मागणीला कारण होतं आणि प्रत्येक कारण मुलांशी जोडलेलं होतं. कार्डासाठी म्हणून पाचही पासपोर्टच्या प्रती मी पाठवल्या.

आता सांगते, काय बघायला हवं होतं. सिंगापुरात खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देताच येत नाही. तिथल्या सरकारी गृहनिर्माणाच्या, म्हणजे एचडीबीच्या घरांना तर किमान सहा महिन्यांची अट आहे. पर्यटकाला पाच रात्रींसाठी दिलेला फ्लॅट, मग तो कितीही खरा असो, बेकायदाच. २०१८ मध्ये असे फ्लॅट देणाऱ्या दोघांना तिथल्या न्यायालयाने प्रत्येकी ६० हजार सिंगापूर डॉलर दंड केला होता. हॉटेल आणि परवाना असलेली सर्व्हिस्ड अपार्टमेंट (हॉटेलसारखी सेवा असलेले फ्लॅट) वेगळी, त्यांची नावं-पत्ते उघड असतात आणि त्यांच्या स्वागतकक्षाला थेट फोन लावता येतो. हा नियम शोधायला दहा मिनिटं लागतात. आम्ही चार महिने तयारी केली, प्राणिसंग्रहालयात कुठल्या फाटकाने शिरायचं तेही पाठ केलं, पण ही दहा मिनिटं काढली नाहीत.

अरायव्हल कार्डही तसंच. ते तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आपलं आपण भरायचं असतं, पूर्ण फुकट, आणि पोहोचण्याच्या दिवसासकट फक्त शेवटच्या तीन दिवसांत भरता येतं. त्याने आमच्याकडून महिनाभर आधी पैसे घेतले. शेवटी ते कार्ड आमच्या विमान कंपनीच्या संदेशातल्या दुव्यावरून आम्हीच भरलं. तेव्हाही संशय यायला हवा होता. "आमच्याकडून राहिलं वहिनी, पैसे परत करतो," असं तो म्हणाला आणि आम्ही गप्प बसलो. (एव्हाना यांच्याशीही बोलणं झालं होतं, त्यामुळे मी ताईची वहिनी झाले होते.)

आणि व्हिसा. हा भाग मुद्दाम वाचा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. व्हिसा आम्ही मुंबईतल्या अधिकृत एजंटाकडून रीतसर काढला. अर्जात तिथला राहण्याचा पत्ता लिहावा लागतो, मी त्या फ्लॅटचा लिहिला. व्हिसा मंजूर झाला आणि मी निश्चिंत झाले, जणू सिंगापूर सरकारनेच तो पत्ता तपासून दिला. तसं काही नसतं. व्हिसा तुम्हाला मिळतो, तुमच्या बुकिंगला नाही.

चांगी विमानतळावर उतरल्यावर त्याला फोन लावला, बंद. मेसेजवर एकच खूण. तरी टॅक्सी करून गेलो. इमारत खरी होती, आम्ही नकाशावर पाहिली होती तीच. फाटकावरच्या रक्षकाने घराचा नंबर वाचला आणि मान हलवली. त्या घरात एक कुटुंब राहत होतं, कित्येक वर्षांपासून. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याआधीही एक कुटुंब असंच येऊन गेलं." त्याने सासूबाईंना स्वतःची खुर्ची दिली, मुलांना पाणी दिलं. मुलगी विचारत होती, "आई, आपण चुकीच्या बिल्डिंगला आलोय का?" मला उत्तर सुचत नव्हतं. मुलगा बॅगेवर डोकं ठेवून झोपून गेला.

सेरंगून रोडच्या बाजूला एका हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या, आयत्या वेळच्या दराने. युनिव्हर्सल स्टुडिओची तिकिटं काढायची राहिली होती, ती मग काढलीच नाहीत. मुलीने वर्षभर त्यासाठी खाऊचे पैसे साठवले होते. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या सुपरट्रीचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, संध्याकाळचा प्रकाशाचा खेळ फुकट असतो, तो आम्ही दोन वेळा पाहिला. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

ओट्याच्या फोटोतली खूण यांना परतल्यावर दिसली. भिंतीवरच्या सॉकेटला दोन गोल भोकं होती. सिंगापुरात इंग्लंडसारखी तीन चपट्या पिनांची सॉकेट असतात. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या घराचा होता. मावसबहिणीच्या फोटोतही तीच दोन भोकं आहेत.

तक्रार आम्ही सिंगापूरहूनच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केली, परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. पहिला हप्ता देऊन तोवर दोन महिने झाले होते. पैसे ज्या खात्यात गेले ते कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं आणि ते त्या-त्या दिवशीच रिकामं झालं होतं. १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन गेला तर पुढच्या खात्यात जाण्याआधी रक्कम गोठवता येते. म्हणून शंका आली की "आधी त्याच्याशी बोलून बघू" म्हणून थांबू नका. आम्ही अरायव्हल कार्डाच्या वेळी थांबलो. 

पैसे गेले ते गेले. पाच पासपोर्टच्या प्रती मात्र अजून त्या माणसाकडे आहेत. मुलाचा पासपोर्ट त्याच प्रवासासाठी काढला होता, लहान मुलांचा असतो तसा पाच वर्षांचा. त्याची मुदत संपायला अजून तीन वर्षं आहेत.