चार ओळी जास्त वाचल्या

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) हळूहळू निकामी होत जाणारा आजार. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, आणि शेवटी नळीतून बघावं एवढीच नजर उरली. त्यातला उजवा डोळा मी पैसे मोजून घालवला.

एका क्लिनिकवाल्यांनी सांगितलं, ‘पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, काढू, डोळ्यात सोडू, पडद्याच्या पेशी नव्याने तयार होतील.’ हा प्रयोग आहे हे त्यांनी लपवलं नाही, उलट मिरवलं. चाचण्यांच्या सरकारी यादीतली नोंदही दाखवली. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, हे मला कुठं ठाऊक! आणि प्रयोग त्यांचा तर पैसे माझे कसे, हे विचारायचं सुचलंच नाही. संमतीपत्र बारीक अक्षरात होतं, पडद्याच्या रुग्णासाठी! मी बोट दाखवतील तिथे सही केली.

चरबी सकाळी काढली, दुपारी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन. दोन्ही, एकाच दिवशी. २०१४ मध्ये जपानमध्ये नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशींच्या चमूने रुग्णाच्याच त्वचेपासून पडद्यामागचा थर वाढवून बसवला, तोही एकाच डोळ्यात. पुढच्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले तर काम थांबवलं. हे मी वाचलं ते नंतर.

चौथ्या दिवशी डोळ्यापुढे जाळं तरंगत असतानाही मी तक्त्यावरच्या चार ओळी जास्त वाचल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. घरी आल्यावर लक्षात आलं की पहिली तपासणी चष्मा काढून झाली होती, ही चष्म्यासकट. तक्ता तोच, निम्मी अक्षरं पाठ.

तिसऱ्या आठवड्यात उजवीकडे काळा पडदा चढू लागला. फोन केला तर म्हणाले, ‘पेशी काम करताहेत, धीर धरा.’ आठ दिवस धरला. डोळ्याचा आतला पडदा जागचा सुटल्यावर एकेक दिवस मोलाचा असतो, आणि मी आठ घालवले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत व्रणाचे पापुद्रे वाढून त्यांनी पडदा ओढून काढलाय. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्लोरिडातल्या तीन बायकांची अशीच हकिकत छापून आली होती: चरबीच्याच पेशी, दोन्ही डोळे, एकच दिवस.

पैसे परत मागितले तर ते संमतीपत्र पुढे आलं. तेव्हा मुलीने मला ते पहिल्यांदा वाचून दाखवलं.

त्यांच्या माहितीपत्रकात चष्मा लावलेला एक हसरा माणूस दिसला, तर तो चौथ्या दिवसाचा मी आहे.