वाळवलेल्या फुलांचा घरगुती चहा : दारची जास्वंद घ्यावी की लाल अंबाडी?

बाजारात ‘हिबिस्कस टी’ या नावाने मिळणारा गडद लाल, आंबट चहा घरीच करावा असे ज्यांना वाटते, ते साहजिकच अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या जास्वंदीची फुले वाळवायला घेतात. कपात उतरणारे पेय मात्र लालऐवजी जांभळट असते आणि आंबटपणाचा त्यात मागमूसही नसतो. फुले वाळवताना काही चुकले असावे, अशी शंका मग येते. प्रत्यक्षात चुकलेले काहीच नसते, कारण तो विकतचा चहा जास्वंदीचा नसतोच. हिबिस्कस या एकाच प्रजातीतल्या दोन वेगळ्या जाती इथे एकमेकींत मिसळल्या जातात. देवपूजेतली तांबडी जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, तर जगभर चहासाठी वापरली जाते ती हिबिस्कस सब्दारिफा, म्हणजे आपली लाल अंबाडी. घरी चहा करायचा असेल, तर या दोहोंपैकी काय वाळवायचे हा निर्णय आधी घ्यावा लागतो. कृती, चव आणि पथ्य या सगळ्या गोष्टी त्यावरच ठरतात.

चहासाठी जास्वंदीच्या पाकळ्या घेतात. अंबाडीच्या पाकळ्या मात्र उपयोगाच्या नसतात. तिचे फिकट पिवळे, मध्यभागी गर्द लालसर डोळा असलेले फूल एका दिवसात मिटून गळते आणि त्यानंतर फुलाखालचा निदलपुंज फुगून मांसल, लालभडक होतो. बियांच्या बोंडाला वेढून राहिलेला हा लाल, मांसल भाग म्हणजेच चहाचा कच्चा माल. इजिप्त आणि सुदानमध्ये ‘करकदे’, सेनेगलमध्ये ‘बिसाप’, मेक्सिकोत ‘आग्वा दे हामायका’ आणि जमैकात नाताळच्या दिवसांत आल्याबरोबर केले जाणारे ‘सॉरेल’ ही सगळी पेये याच निदलपुंजाची. विदर्भातल्या अनेक घरांत याच लाल बोंडांची चटणी आणि सरबत होते. भाकरीबरोबरची अंबाडीची आंबट भाजी तर महाराष्ट्रभर ओळखीची आहे. त्यामुळे हा चहा आपल्याकडे परदेशी म्हणून विकला जात असला, तरी त्याचे झाड आपल्या शेताच्या बांधावरचेच आहे.

चवीचा फरक मोठा आहे. अंबाडीच्या निदलपुंजात सायट्रिक, मॅलिक आणि तिच्याच नावाने ओळखले जाणारे हिबिस्कस आम्ल भरपूर असते. त्यामुळे चहा चिंचेच्या कोळासारखा चटकन आंबट लागतो आणि त्यातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य त्या आम्लात आपोआप माणकासारखे लाल दिसते. जास्वंदीच्या पाकळ्यांतही अँथोसायनिनच असते, पण सोबतीला आम्ल फारसे नसल्यामुळे रंग जांभळा ते निळसर राहतो. शाळेच्या विज्ञानात आम्ल आणि अल्क ओळखण्यासाठी जास्वंदीचा अर्क वापरतात, तो याच गुणामुळे. कपात लिंबाचे चार थेंब पिळले की चहा डोळ्यांदेखत गडद गुलाबी होतो. जास्वंदीच्या चहाची चव मात्र सौम्य, किंचित तुरट आणि काहीशी गवतासारखी असते. शिवाय पाकळ्यांत चिकट द्रव्य असल्याने तो जास्त वेळ उकळला, तर बुळबुळीत होतो. निव्वळ चवीसाठी पिणाऱ्याला माझा सल्ला निःसंशय अंबाडीचा आहे. ज्यांना आंबट सोसत नाही किंवा रिकाम्या पोटी हलके, कोमट काहीतरी हवे असते, त्यांना जास्वंद अधिक मानवेल. चहाची पत्ती नसल्यामुळे कॅफिन दोन्हींत नाही.

आरोग्याच्या दाव्यांबाबत अधिक काटेकोर राहायला हवे, कारण सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. ‘हिबिस्कसच्या चहाने रक्तदाब उतरतो’ हे विधान ज्या अभ्यासांवर आधारलेले आहे, ते प्रामुख्याने अंबाडीवर झालेले आहेत. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ प्रौढांपैकी एका गटाला सहा आठवडे रोज २४० मिलिलिटरचे तीन कप चहा दिला गेला. त्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मिमीने उतरला, तर तशाच चवीचे पण अंबाडी नसलेले पेय घेणाऱ्यांचा १.३ मिमीने. हा परिणाम दखल घेण्याजोगा असला, तरी तो औषधाची जागा घेण्याइतका नाही, आणि तो जास्वंदीच्या खाती जमा करता येत नाही. जास्वंद आपल्याकडे परंपरेने केसांच्या तेलात आणि घरगुती औषधांत वापरली जाते, पण त्या वापराने तिचा चहा रक्तदाबावर गुणकारी ठरत नाही. रक्तदाबाचा विचार करून चहा निवडणाऱ्याने जास्वंदीच्या पाकळ्यांवर भिस्त ठेवू नये.

वाळवणाच्या बाबतीत जास्वंद सोपी आहे, असे वरवर वाटते. फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटते, म्हणून दव उडाल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी ते खुडावे. देठाकडचा हिरवा भाग आणि मधला परागांचा दांडा काढून टाकावा. पाकळ्या सुट्या करून मुंग्या व पिठ्या ढेकूण पाहून घ्यावेत, अलगद धुवाव्यात आणि पंचावर एकेरी थरात सावलीत पसराव्यात. थेट उन्हात रंग उडतो आणि पाकळ्या तपकिरी पडतात. कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत त्या कागदासारख्या कुरकुरीत होतात. एका फुलातून चिमूटभरच वाळवण निघते, त्यामुळे एखाददुसऱ्या झुडपावर महिनाभराचा चहा होत नाही. रोज थोडे थोडे साठवत जावे लागते. झुडूप मात्र जवळजवळ वर्षभर फुलत असल्याने हा साठा सहसा खंडत नाही.

अंबाडीला मेहनत जास्त आहे आणि ती हंगामातच करावी लागते. बोंडे साधारण दिवाळीच्या सुमारास आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तयार होतात. ती कोवळी व रसरशीत असतानाच तोडावीत, कारण आतले बियांचे बोंड वाळून फुटू लागले की लाल भाग चिवट होतो. सुरीने बुडाशी गोल काप देऊन बियांचे बोंड ढकलून काढावे लागते. हे किचकट काम आहे आणि मोठ्या टोपलीला दोन माणसांची दुपार सहज लागते. उरलेला लाल भाग जाड असल्याने सावलीत वाळता वाळता बुरसण्याचा धोका असतो, म्हणून पातळ कापडाखाली उन्हात किंवा पन्नास-साठ अंशांवर ड्रायरमध्ये तो वाळवावा. सुमारे दहा किलो ताज्या निदलपुंजातून एक किलोच्या आसपास वाळवण हाती येते. ते चामड्यासारखे न वाकता मोडले पाहिजे. कोकणात आणि गोव्यात हवेतला दमटपणा फार असल्याने दोन्ही प्रकारचे वाळवण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी एकदा पुन्हा तापवून घ्यावे. पातळ पाकळ्या तर उघड्यावर एका रात्रीत मऊ पडतात.

वाळवण विकत घेणाऱ्याने पाकिटावरचे चित्र न पाहता आतला जिन्नस पाहावा. जाड, गर्द किरमिजी, वळलेल्या पाच बोटांच्या पेल्यासारखा असेल तर ती अंबाडी. चुरगळलेल्या पातळ पाकळ्या असतील तर जास्वंद. वाळलेली जास्वंद बऱ्याचदा केसांच्या लेपासाठी विकली जाते आणि ती खाण्यासाठी स्वच्छ केलेली असेलच असे नाही, म्हणून खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक नसलेले पाकीट चहासाठी घेऊ नये. हारवाल्याकडची किंवा नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाची फुले मी कुणालाही सुचवणार नाही; त्यांच्यावर कीटकनाशक मारलेले असण्याची शक्यता फार आहे.

एका कपाला अंबाडीचे दोन ग्रॅम, म्हणजे चुरा केल्यास एक शिगोशीग चहाचा चमचा, पुरे होते. उकळते पाणी ओतून सहा-सात मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळावे. उन्हाळ्यासाठी लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, तर तुरटपणा कमी आणि रंग अधिक स्वच्छ येतो. मला स्वतःला हीच पद्धत अधिक आवडते. जास्वंदीसाठी कपाला तीन-चार फुलांच्या वाळलेल्या पाकळ्या घ्याव्यात, पाणी उकळून मिनिटभर थांबावे, ते ओतून चार मिनिटांत गाळून घ्यावे आणि लिंबू शेवटी पिळावे. आले किंवा दालचिनी अंबाडीला शोभते, पण जास्वंदीचा नाजूक वास तिच्याखाली बुडून जातो. गुळाने दोन्हींचा रंग मळकट होतो, तेव्हा खडीसाखर बरी. दूध अंबाडीत घालूच नये, ते फाटते.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. अंबाडीचे आम्ल ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेला खाते, आणि लोखंडी भांड्यात चहा काळपट होतो. बोअरच्या जड पाण्यानेही रंगावर परिणाम होतो आणि त्यात जास्वंदीचा चहा करड्या निळ्याकडे झुकतो. फिल्टरचे पाणी वापरल्यास हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेची वाट पाहणाऱ्यांनी दोन्ही टाळावेत. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर अंबाडीचा चहा रोजचा करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण दोहोंचा परिणाम एकत्र होऊन दाब किंवा साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी अंबाडी पातळ करून आणि जेवणानंतर घ्यावी. दातांच्या आवरणासाठी तो चहा तासन्‌तास घोट घोट पिण्यापेक्षा एका बैठकीत संपवून साध्या पाण्याने चूळ भरणे चांगले.

घरी फवारणी न केलेली जास्वंद असेल, तर उद्यापासून तिच्या पाकळ्या वाळवायला काहीच हरकत नाही. ज्यांना तो लाल, आंबट चहाच हवा आहे, त्यांनी यंदा खात्रीचे वाळवण विकत घ्यावे आणि जून-जुलैत लाल बोंडांच्या अंबाडीचे बी पेरावे. साध्या पालेभाजीच्या बियाण्यातून हिरव्या बोंडांची झाडेही निघतात, म्हणून बी घेताना बोंडाचा रंग विचारून घ्यावा. दिवस लहान होऊ लागल्यावरच हे झाड फुलावर येते, तेव्हा रात्रभर रस्त्याच्या दिव्याखाली राहणारी जागा टाळावी. माणसाच्या उंचीइतके वाढणाऱ्या या झाडाला भरपूर ऊन आणि निदान दीड फूट खोलीची कुंडी लागते.