वॉकर की हचिन्सन? कॉलेजचा बचावपटू ड्राफ्टसाठी जोखताना

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधले संघ दर वर्षी कॉलेजचे खेळाडू क्रमाक्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिले पाचही खेळाडू बचावफळीतले निघाले. १९९१ नंतर असं प्रथमच झालं. त्यातल्या पहिल्या दोन नावांवरून जो वाद पेटला, तो कॉलेजच्या बचावपटूची पारख शिकायला मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी पहिल्या क्रमांकावर जॉर्जिया विद्यापीठाचा ट्रॅव्हॉन वॉकर घेतला आणि डेट्रॉइट लायन्सनी लगेच मिशिगनचा एडन हचिन्सन उचलला. दोघेही एज रशर, म्हणजे फळीच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर, चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, धावून जाणारे. येत्या ड्राफ्टमध्ये आपल्या संघाने असा खेळाडू घ्यावा का, हे तुम्ही ठरवत असाल तर या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहा.

कागदावर सामना एकतर्फी होता. २०२१ च्या हंगामात हचिन्सनने १४ सॅक केले. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडण्यात एका हंगामात इतकं यश मिशिगनच्या कुठल्याच खेळाडूला तोवर मिळालं नव्हतं. ओहायो स्टेटविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याचे ३ सॅक होते. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात तो दुसरा आला, आणि हा मान बचावपटूच्या वाट्याला फार क्वचित येतो. वॉकरचे त्याच हंगामातले सॅक ६, तिन्ही वर्षांचे मिळून ९.५.

इथेच बहुतेक जण निकाल देऊन मोकळे होतात, आणि इथेच थांबायला हवं. त्या वर्षी जॉर्जियाचा बचाव सामन्यामागे सरासरी जेमतेम १० गुण देत होता. त्याच बचावातले पाच जण त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. इतकी मातब्बर मंडळी असल्यावर प्रशिक्षक कर्बी स्मार्ट खेळाडू सतत आलटूनपालटून उतरवत. वॉकरला कित्येकदा टोकावरून आत सरकवलं जाई, समोरच्या टॅकलच्या, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या दणकट गड्याच्या, अंगावर उभं करून चेंडू घेऊन पळणाऱ्याची धाव रोखायला सांगितलं जाई, तर कधी मागे सरकून पास अडवायला. कबड्डीत कोपऱ्यातल्या गड्याची पकड मोजली जाते, पण चढाईपटूला त्या कोपऱ्याकडे रेटणारा साखळीतला गडी गुणतक्त्यात दिसत नाही. वॉकरचं काम पुष्कळदा त्या साखळीतल्या गड्याचं होतं. हचिन्सनचं तसं नव्हतं. मिशिगनची सगळी मांडणी त्याला टोकावर मोकळं सोडण्यासाठीच होती, आणि दुसऱ्या टोकाला ११ सॅक करणारा डेव्हिड ओजाबो असल्याने दोन-दोन जण हचिन्सनवर सोडणं प्रतिस्पर्ध्याला परवडत नव्हतं.

म्हणून सॅक मोजण्याआधी एक गोष्ट शोधा: या खेळाडूला नेमकं काय करायला सांगितलं होतं? त्यासाठी सामन्यांची चित्रफीत पाहावी लागते, पर्याय नाही. चेंडू निघाल्यावर त्याचं पहिलं पाऊल कसं पडतं, हात आधी कोणाचा लागतो, पहिला डाव फसला तर दुसरा तयार असतो का, हे पाहा. हचिन्सनकडे डाव-प्रतिडाव भरपूर होते आणि तो अखेरच्या क्षणापर्यंत पिच्छा सोडत नसे. वॉकर समोरच्याला ताकदीने मागे रेटायचा, पण तो थोपवला गेला की पुढे काय, याचं उत्तर चित्रफितीत फारसं मिळत नव्हतं. या कमतरतेला मी सर्वाधिक वजन देतो. व्यावसायिक टॅकल ताकदीला घाबरत नाहीत.

मग आलं इंडियानापोलिसचं कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक चाचण्यांची फेरी, आणि पारडं फिरलं. वॉकर ६ फूट ५ इंच उंच आणि २७२ पौंड, म्हणजे सुमारे १२३ किलो वजनाचा. एवढ्या देहाने त्याने ४० यार्डांची धाव ४.५१ सेकंदांत पूर्ण केली. हात साडेपस्तीस इंचांचे. हचिन्सन त्याच्याहून किंचित उंच, २६० पौंडांचा. त्याची धाव ४.७४ सेकंदांची, हात जेमतेम ३२ इंचांचे. हात लांब असले की टॅकलच्या छातीवर आधी आपला हात बसतो, म्हणून संघ या मापाला फार जपतात. पण टोकावरून धावणाऱ्याला सरळ रेषेत ४० यार्ड पळण्याची वेळ कितीदा येते? त्याला वळावं लागतं. तीन शंकूंभोवती वळत पळण्याच्या चाचणीत हचिन्सनची वेळ ६.७३ सेकंद होती, वॉकरची ६.८९. दिशा बदलत पळण्याच्या छोट्या शटल धावेतही हचिन्सनच पुढे होता. वॉकरच्या वजनाला ६.८९ ही विलक्षणच वेळ आहे, यात वाद नाही. तरी ४.५१ चा गाजावाजा झाला तेवढं ६.७३ कडे कुणी पाहिलं नाही, याची मला खंत आहे.

‘वॉकर अजून कच्चा आहे, वाढायला वाव आहे’ असंही सर्रास म्हटलं गेलं, कारण तो तीन वर्षांत कॉलेज सोडून आला आणि हचिन्सन चार. जन्मतारखा मात्र हचिन्सनची ९ ऑगस्ट २००० आणि वॉकरची १८ डिसेंबर २०००. फरक चार महिन्यांचा! कॉलेजातली वर्षं मोजू नका, वय पाहा.

एक गोष्ट वॉकरच्या बाजूची. ३१ डिसेंबर २०२१ ला ऑरेंज बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात जॉर्जिया आणि मिशिगन समोरासमोर आले आणि जॉर्जियाने ३४–११ ने सामना मारला. हचिन्सनला एकही सॅक मिळाला नाही. बलाढ्य फळीसमोर खेळाडू कसा वागतो हे पाहायला असे सामने सोन्यासारखे असतात. पण एका सामन्यावरून अख्खा हंगाम खोडून काढू नये.

पुढे काय झालं? पहिल्या हंगामात हचिन्सनने ९.५ सॅक केले आणि वर ३ पास हिसकावले. वॉकरचे सॅक ३.५. दुसऱ्या हंगामात ११.५ आणि १०. २०२४ मध्ये हचिन्सनचे ५ सामन्यांतच ७.५ सॅक झाले होते. मग डॅलसविरुद्ध त्याच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. वॉकर त्या वर्षी १०.५ वर पोहोचला. म्हणजे तो फसलेला खेळाडू मुळीच नाही. पहिल्या हंगामात तो मागे राहिला, इतकंच.

माझं मत हचिन्सनच्या बाजूचं आहे. पहिला क्रमांक हाती असलेला संघ बहुधा तळाला असतो आणि त्याला लगेच फळ हवं असतं. आधीच्या हंगामात जॅग्वार्सनी १७ पैकी ३ सामने जिंकले होते, लायन्सनीही तीनच. पण जॅग्वार्सकडे दुसऱ्या टोकाला जॉश ॲलनसारखा तयार एज रशर होता. त्याच्या जोडीला धाव रोखणारा, आत-बाहेर कुठेही उभा राहणारा दणकट गडी हवा, हा त्यांचा हिशेब मी चुकीचा म्हणणार नाही. तुमच्या संघाकडे असा ॲलन नसेल, तर मात्र वॉकरच्या जातीच्या खेळाडूवर पहिली निवड खर्चू नका. तो पहिल्या फेरीच्या मध्यावर हाती लागला, तर आनंदाने घ्या.

कॉर्नरबॅक, म्हणजे पास झेलणाऱ्यांना अडवणारा बचावपटू, पाहत असाल तर तराजू थोडा बदलतो. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा गेलेला एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) डेरेक स्टिंग्ली २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी ६ पास हिसकावून गाजला होता, पण नंतरच्या दोन हंगामांत दुखापतींमुळे मिळून १० च सामने खेळला. चौथा गेलेला सिनसिनाटीचा सॉस गार्डनर, ज्याने कॉलेजात आपल्या माणसाला एकही टचडाउन करू दिला नाही. गार्डनर पहिल्याच वर्षी ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. स्टिंग्ली २०२४ मध्ये त्या यादीत आला. इथे दोन्ही संघांची निवड योग्य ठरली, फक्त स्टिंग्ली घेणाऱ्या ह्यूस्टनला वाट पाहावी लागली. सेफ्टीच्या, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत तर घड्याळाला आणखी कमी भाव द्या: नोत्र दामचा काइल हॅमिल्टन ४० यार्ड ४.५९ सेकंदांत धावला, १४ व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि दुसऱ्याच हंगामात बाल्टिमोरसाठी ऑल-प्रो ठरला.